पाळी चुकल्यानंतरचे पहिले दोन महिने: शरीर काय सांगतं आणि कधी काय करायचं

आपल्याकडे बऱ्याच घरांत एक अलिखित नियम असतो: तिसरा महिना पूर्ण होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही. त्यामागची भीती खरी आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत गर्भ पडण्याची शक्यता जास्त असते आणि दिलेली आनंदाची बातमी मागे घ्यायची वेळ येऊ नये असं सगळ्यांनाच वाटतं. पण शेजारणीपासून लपवता लपवता ही बातमी डॉक्टरांपासून आणि आशाताईंपासूनही लपते. पहिली तपासणी होते थेट चौथ्या महिन्यात. तोवर बाळाच्या मेंदूचा, पाठीच्या कण्याचा आणि हृदयाचा पाया घालून झालेला असतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की गावाला हवं तेव्हा सांगा, नातेवाइकांना पाचव्या महिन्यात सांगा, पण डॉक्टरांना किंवा आशाताईंना पाळी चुकली त्याच आठवड्यात सांगा. असं का, ते पुढे सविस्तर येईलच.

आठवडे कसे मोजतात

डॉक्टर गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे मोजणी सुरू होते तेव्हा गर्भ राहिलेलाही नसतो. पाळी दर 28 दिवसांनी येत असेल तर चौदाव्या दिवसाच्या आसपास अंडाशयातून बीज सुटतं. त्याचं फलन झालं तर पुढच्या सहा ते बारा दिवसांत तो गर्भ गर्भपिशवीच्या अस्तरात रुजतो. पाळी चुकते त्या दिवशी डॉक्टरांच्या हिशेबाने चार आठवडे भरलेले असतात.

नव्याने लग्न झालेल्या घरात यावरून नको ते संशय घेतले जातात. लग्नाला पाच आठवडे झालेत आणि सोनोग्राफीत सहा आठवडे दाखवतायत, हे कसं? त्यात काहीही वावगं नाही. मोजणीतले पहिले दोन आठवडे गर्भ राहायच्या आधीचे असतात, हे सासूबाईंपासून नवऱ्यापर्यंत सगळ्यांना माहीत असायला हवं.

बाळंतपणाची अंदाजे तारीख काढायची रीत सोपी आहे: शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. 1 जूनला पाळी आली असेल तर तारीख येते 8 मार्च. पाळी कधी पंचवीस तर कधी पन्नास दिवसांनी येत असेल तर हा हिशेब चुकतो. अशा वेळी पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून काढलेली तारीख सगळ्यात भरवशाची. आणि एक गोष्ट बाळंतीण बायकांसाठी. बाळ अंगावर पीत असताना पाळी परत सुरू व्हायच्या आधीच बीज सुटू शकतं. म्हणजे एकही पाळी न येता पुन्हा दिवस राहू शकतात.

लक्षणं आणि पाळीआधीचा त्रास, दोन्ही सारखे का वाटतात

बीज सुटल्यावर शरीरात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं. गर्भ राहो वा न राहो, ते वाढतंच. छाती जड आणि दुखरी होणं, पोट फुगणं, सारखी झोप येणं, चिडचिड, हा सगळा बराचसा त्याचाच परिणाम. गर्भ राहिला नाही तर साधारण दोन आठवड्यांत ते उतरतं आणि पाळी येते. राहिला तर ते चढत जातं. म्हणून पाळीच्या आधीच्या आठवड्यात जे जाणवतं त्यावरून काहीच ठरवता येत नाही. आतलं संप्रेरक दोन्ही वेळा एकच असतं.

मूल व्हावं म्हणून वाट पाहणाऱ्या बाईला हे पंधरा दिवस फार जड जातात. छाती दुखली की आशा, दुखायची थांबली की निराशा. या दिवसांत शरीराकडे लक्ष देऊन हाती काही लागत नाही, आणि ‘तुला काही जाणवतंय का?’ असं रोज विचारणाऱ्यांनीही तो प्रश्न पाळीची तारीख उलटेपर्यंत बाजूला ठेवला तर बरं.

खरा फरक करतं ते दुसरं संप्रेरक, एचसीजी. गर्भ अस्तरात रुजला की त्याच्याभोवतीच्या पेशी ते सोडू लागतात. याच पेशींची पुढे वार बनते. सुरुवातीला एचसीजी दर दोन-तीन दिवसांनी जवळपास दुप्पट होतं, आठव्या ते अकराव्या आठवड्यात सगळ्यात जास्त असतं आणि मग कमी होतं. लघवीच्या तपासणीत हेच शोधतात.

काही जणींना पाळीच्या तारखेच्या आसपास एखाद-दुसरा डाग लागतो. तो पाळीसारखा भरत नाही, रंगाने फिका गुलाबी किंवा तपकिरी असतो. ‘पाळी आली, पण या वेळी अगदीच कमी गेलं’ असं म्हणून तो विसरला जातो आणि सगळा हिशेब एक महिन्याने मागे पडतो. नेहमीपेक्षा फारच कमी अंगावर गेलं असेल आणि दिवस राहण्याची शक्यता असेल, तर तपासणी करून टाका.

पट्टीवरच्या दोन रेघा

तपासणीचं किट मेडिकलच्या दुकानात मिळतं. गावात आशाताईंकडे सरकारचं ‘निश्चय’ किट मोफत मिळतं. पाळीची तारीख उलटल्यानंतर तपासणी करावी. सकाळची पहिली लघवी घेतलेली बरी, कारण रात्रभर साठल्यामुळे तिच्यात एचसीजीचं प्रमाण जास्त असतं. पाकिटावर सांगितलंय तेवढेच थेंब टाका आणि सांगितलेल्या वेळातच, बहुतेक किटमध्ये पाच मिनिटांच्या आत, निकाल वाचा. अर्ध्या तासाने दिसलेली करडी रेघ धरू नका, ती नुसती वाळल्याची खूण असू शकते.

पट्टीवर ‘सी’ची रेघ किट चालतंय हे दाखवते आणि ‘टी’ची रेघ निकाल. ‘सी’ची रेघ आलीच नाही तर ते किट बिघडलंय. ‘सी’ आणि ‘टी’ दोन्ही रेघा आल्या तर दिवस गेलेत, मग ‘टी’ची रेघ कितीही फिकी असो. फिकी रेघ म्हणजे ‘अर्धवट’ गर्भ नव्हे. बहुतेक वेळा तपासणी लवकर झालेली असते, दोन दिवसांनी तीच रेघ ठळक दिसते. फक्त ‘सी’ आली आणि पाळीही आली नाही, तर आठवड्याने पुन्हा करा. तेव्हाही नाही आणि पाळीचाही पत्ता नाही, तर डॉक्टरांकडे जा. थायरॉइड, पीसीओएस (संप्रेरकांच्या बिघाडाने पाळी अनियमित होणं), अचानक वजन घटणं, मोठा ताण, कारणं बरीच असतात.

लघवीत साखर, मीठ किंवा टूथपेस्ट घालून फेस बघण्याचे उपाय मोबाइलवर फिरत असतात. त्यांना काहीही आधार नाही.

मळमळ: सोसत राहायची गोष्ट नाही

दहापैकी सात-आठ जणींना मळमळतं किंवा उलट्या होतात. सुरुवात बहुधा सहाव्या आठवड्याच्या आसपास होते, आठव्या ते दहाव्या आठवड्यात त्रास सगळ्यात जास्त असतो आणि चौदाव्या-सोळाव्यापर्यंत बहुतेकींचा ओसरतो. सकाळीच होतं असं काही नाही. कित्येकींना संध्याकाळी कुकरच्या वाफेने सुरू होतं आणि झोपेपर्यंत थांबत नाही.

हे का होतं, याचं बरंच ठोस उत्तर अलीकडेच मिळालं. डिसेंबर 2023 मध्ये ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकात एक संशोधन प्रसिद्ध झालं. अमेरिकेतल्या मार्लीना फेझो आणि केंब्रिजचे स्टीफन ओराहिली हे त्यातले प्रमुख शास्त्रज्ञ. गर्भ आणि वार यांच्याकडून जीडीएफ 15 नावाचं एक संप्रेरक आईच्या रक्तात येतं आणि ते मेंदूतल्या मळमळीच्या केंद्रावर काम करतं. ज्या बाईच्या शरीराला गरोदरपणाआधी या संप्रेरकाची फारशी सवय नसते तिला त्याचा जास्त त्रास होतो. बीटा थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या बायकांच्या रक्तात ते कायमच जास्त असतं, आणि त्यांना गरोदरपणात मळमळ जवळजवळ होत नाही. या एका निरीक्षणाने कोडं बरंच सुटलं. फेझो यांना स्वतःला गरोदरपणात भयंकर उलट्या झाल्या होत्या आणि त्यात त्यांनी बाळ गमावलं होतं.

मला हे संशोधन महत्त्वाचं वाटतं ते एका साध्या कारणासाठी. उलट्यांनी बेजार झालेल्या सुनेला ‘आम्ही नाही का पोरं काढली’, ‘मनाने घट्ट राहायला हवं’ असं ऐकवलं जातं. पण रक्तातल्या संप्रेरकापुढे मनाचा घट्टपणा काय करणार? दोघी जावांमध्ये एकीला काहीच होत नाही आणि दुसरी उठू शकत नाही, यात दुसरीचं काही चुकत नाही.

उलट ज्यांना मळमळत नाही त्या वेगळ्याच काळजीत असतात. आपला गर्भ नीट नाही की काय? मळमळ नसलेल्यांचीही बाळं सुखरूप होतात, आणि एखाद्या दिवशी त्रास कमी झाला तरी त्यावरून काही वाईट घडलंय असं ठरत नाही. तसंच, उलट्या जास्त की कमी यावरून मुलगा की मुलगी हे कुणीही सांगू शकत नाही. ते तपासून घेणं आणि सांगणं 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे.

आता उपाय. रिकामं पोट हा मळमळीचा सगळ्यात मोठा मित्र. रात्री उशाशी डब्यात ज्वारीच्या लाह्या, कुरमुरे, फुटाणे किंवा खाकरा ठेवा आणि सकाळी डोळे उघडल्यावर अंथरुणातच चार घास खा. मग दहा-पंधरा मिनिटांनी सावकाश उठा. दिवसभर दर दोन तासांनी थोडं थोडं खा. जेवताना पोटभर पाणी पिण्यापेक्षा दोन खाण्यांच्या मध्ये घोट घोट प्या. नुसतं पाणी नको वाटत असेल तर लिंबू सरबत, कोकम सरबत, पातळ ताक, शहाळं, नाचणीची आंबील, जे टिकेल ते. आल्याने थोडा फरक पडतो असं अभ्यासांत दिसलंय, म्हणून आल्याचा तुकडा मीठ-लिंबू लावून चघळायला हरकत नाही. गरम अन्नापेक्षा गार अन्नाचा वास कमी येतो, त्यामुळे फोडणीचं वरण नको झालेल्या बाईला गार दहीभात जातो. या आठवड्यांत पोषणाचा फार हिशेब करू नका. जे पोटात राहतं ते खा. बाळ अजून इतकं लहान असतं की तेवढ्यावर त्याचं भागतं.

घरच्यांसाठी सगळ्यात उपयोगी गोष्ट: तिला स्वयंपाकघरातून सुट्टी द्या. तळण, फोडणी, सुके बोंबील, भाताची वाफ, हे वास उलटीला थेट कारण होतात. सहा-आठ आठवडे नवऱ्याने किंवा घरातल्या आणखी कुणी चूल सांभाळली तर काही जणींना औषधाचीही गरज पडणार नाही.

उलटी झाल्यावर लगेच दात घासू नका. पोटातल्या आम्लाने दातांचं आवरण थोडा वेळ मऊ झालेलं असतं. आधी चिमूटभर खायचा सोडा घातलेल्या पाण्याने चूळ भरा.

एवढं करून भागत नसेल तर औषध मागा. ‘गरोदरपणात कुठलंच औषध घ्यायचं नाही’ ही समजूत जगभर घट्ट आहे आणि तिला एक काळा इतिहास आहे. 1957 साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचं औषध बाजारात आलं, गरोदर बायकांना मळमळीसाठीही दिलं गेलं, आणि 1961 मध्ये ते मागे घेईपर्यंत दहा हजारांहून जास्त बाळं हातापायांचं व्यंग घेऊन जन्मली. त्या धसक्यात पुढे एक चांगलं औषधही भरडलं गेलं. डॉक्सिलामाइन आणि ब 6 जीवनसत्त्व यांची जोडगोळी अमेरिकेत 1983 मध्ये कोर्टकज्ज्यांमुळे कंपनीने बंद केली. अभ्यासामागून अभ्यास झाले, बाळाला धोका दिसला नाही, आणि 2013 मध्ये तिला पुन्हा मान्यता मिळाली. आपल्याकडेही डॉक्टर हीच गोळी लिहून देतात. तिने झोप येते, म्हणून बहुधा रात्री घ्यायला सांगतात. स्वतःच्या मनाने दुकानातून पित्ताची किंवा उलटीची गोळी आणू नका, डॉक्टरांना विचारून घ्या.

काही जणींचा त्रास याच्या पलीकडे जातो. पाण्याचा घोटही टिकत नाही, आठ-दहा तासांत लघवीला झालं नाही किंवा ती गडद पिवळी होते, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, उलटीत रक्त दिसतं, वजन मूळच्या वीसाव्या भागाने (50 किलोची बाई असेल तर अडीच किलो) उतरतं. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. शिरेतून पाणी आणि औषध द्यावं लागतं. बरेच दिवस पोटात काही नसेल तर ग्लुकोजच्या बाटलीआधी ब 1 जीवनसत्त्व द्यायचं असतं, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून किती दिवस अन्न टिकलेलं नाही हे डॉक्टरांना नेमकं सांगा.

बाकीच्या तक्रारी

थकवा इतका येतो की दुपारी बसल्या जागी डोळा लागतो. हा आळस नाही. रक्ताचं प्रमाण वाढायला लागलेलं असतं, हृदय जास्त काम करत असतं. मूत्रपिंडंही सुरुवातीपासूनच जास्त रक्त गाळू लागतात, त्यामुळे लघवीला सारखं जावं लागतं. पण जळजळ, ताप किंवा कंबरेच्या बाजूला दुखणं असेल तर तो जंतुसंसर्ग, त्याची तपासणी आणि उपचार लगेच हवेत. आतड्यांची चाल मंदावते म्हणून पोट साफ होत नाही. पाणी, पालेभाजी, भिजवलेले मनुके, थोडं चालणं यांनी बरं वाटतं. डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल चालतं, आयब्रुफेन आणि तशा इतर वेदनाशामक गोळ्या टाळा.

माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ खावेसे वाटणं याला आपण कौतुकाने डोहाळे म्हणतो. बऱ्याचदा ही रक्तात लोह कमी असल्याची खूण असते. हिमोग्लोबिन तपासून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या पाहणीत देशातल्या 52 टक्के गरोदर बायकांमध्ये रक्त कमी आढळलं होतं.

मन सारखं भरून येतं, विनाकारण रडू येतं, हेही या दिवसांत होतं. पण दोन आठवडे सलग उदास वाटत असेल, कशातच रस नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर 14416 या ‘टेली मानस’च्या मोफत क्रमांकावर बोला आणि डॉक्टरांनाही सांगा.

पहिल्याच आठवड्यात करायची कामं

बाळाच्या मेंदूचा आणि मज्जारज्जूचा पाया असलेली नळी गर्भधारणेपासून 28 दिवसांच्या आत मिटते. म्हणजे पाळी चुकल्यानंतर जेमतेम दोन आठवड्यांत. ती नीट मिटायला फोलिक आम्ल लागतं. 1991 मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आधीच्या बाळाला असा दोष असलेल्या बायकांना फोलिक आम्ल दिल्यावर तो दोष पुन्हा होण्याचं प्रमाण 72 टक्क्यांनी घटलं.

या जीवनसत्त्वाची गोष्ट मुंबईतच सुरू होते. ल्यूसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर 1928 मध्ये मुंबईत आली आणि कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांमधल्या एका जीवघेण्या रक्तक्षयाचा शोध घेऊ लागली. यीस्टच्या अर्काने त्या बायका बऱ्या होतात हे तिने 1931 मध्ये दाखवलं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजेच फोलिक आम्ल, हे नंतर कळलं. गिरणगावातल्या त्या बायकांमुळे सापडलेली ही गोळी आज सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, आणि तरी ती उशिरा सुरू होते याचं मला फार वाईट वाटतं. मूल हवं असं ठरवलंत त्याच दिवसापासून रोज 400 मायक्रोग्रॅम घ्यायला सुरुवात करा. दिवस राहिल्यावर कळलं असेल तर आजपासून. आधीच्या बाळाला असा दोष असेल, मधुमेह असेल किंवा फिट्सची औषधं चालू असतील तर डॉक्टर मोठा डोस देतात. लोहाची लाल गोळी चौथ्या महिन्यापासून सुरू होते, रक्त फारच कमी असेल तर त्याआधीही.

दुसरं काम चालू औषधांचं. मुरमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन बाळाला गंभीर इजा करतं, ते तत्काळ थांबवून डॉक्टरांना कळवा. फिट्स, रक्तदाब, मधुमेह, मानसिक आजार यांच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नका. त्यातल्या काही बदलाव्या लागतात, पण अचानक थांबवणं जास्त धोक्याचं. थायरॉइडची गोळी चालू असेल तर तिचा डोस बहुधा वाढवावा लागतो आणि तोही अगदी सुरुवातीला.

तिसरं, मिश्री. शहाण्यासुरत्या बायकाही हिला तंबाखूत धरत नाहीत, ‘दाताला लावते’ म्हणतात. ती भाजलेली तंबाखूच आहे आणि हिरड्यांतून तिचं निकोटीन थेट रक्तात जातं. मुंबईतल्या 1,217 गरोदर बायकांचा एक अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मिश्रीसारखी धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी 105 ग्रॅमने कमी भरलं आणि वेळेआधी बाळंत होण्याचं प्रमाणही जास्त दिसलं. सकाळी मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही अशी सवय असते, मळमळीवर उतारा म्हणूनही ती लावली जाते. ती सोडायला मदत मागण्यात लाजण्यासारखं काही नाही. दारू पूर्ण बंद. चहा-कॉफी दिवसाला दोन-तीन छोट्या कपांवर आणा, आणि जेवणानंतर लगेच चहा नको, त्याने जेवणातलं लोह अंगी लागत नाही.

पिकलेल्या पपईने गर्भ पडतो याला पुरावा नाही. कच्च्या पपईत चीक असतो, ती टाळा. अंडी-मासे खात असाल तर नीट शिजवून खा, दूध उकळून प्या. ‘उष्ण पडेल’ म्हणून एकेक पदार्थ ताटातून काढत गेलं तर शेवटी वरणभातच उरतो, आणि रक्त कमी होतं ते त्यातूनच.

चौथं, नोंदणी. उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा शहरात महापालिकेच्या दवाखान्यात बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवलं की माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं. हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, लघवी, एचआयव्ही, सिफिलिस, कावीळ ब या तपासण्या होतात. विदर्भातल्या किंवा नंदुरबारच्या भागातल्या असाल तर सिकलसेलची तपासणी आवर्जून करून घ्या. थॅलेसेमियाची सर्वांनीच करावी. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे 5,000 रुपये मिळतात, त्यालाही ही नोंदणी लागते.

पट्टीवरच्या दोन रेघा प्रत्येकीला हव्या असतात असं नाही, हेही इथेच सांगायला हवं. 1971 च्या कायद्यानुसार आणि त्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनुसार 20 आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो. बाई 18 वर्षांची झालेली असेल तर फक्त तिची स्वतःची संमती लागते, नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही, आणि तिचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. अविवाहित असली तरी तिचा हक्क तोच, हे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केलंय. दुकानातून गुपचूप गोळ्या आणून घेऊ नका. गर्भ पिशवीऐवजी बीजवाहक नळीत असेल तर त्या गोळ्या काम करत नाहीत आणि नळी फुटून जीव जाऊ शकतो.

डाग दिसला तर

पहिल्या तीन महिन्यांत चारपैकी एकीला कधी ना कधी डाग लागतो किंवा रक्त जातं. त्यातल्या निम्म्याहून अधिक जणींचं गरोदरपण पुढे नीट चालू राहतं. तरी डॉक्टरांना कळवायचंच. रक्तगट निगेटिव्ह असेल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण एक विशिष्ट इंजेक्शन वेळेत द्यायचं की नाही हे त्यांना ठरवावं लागतं.

शंभरातल्या एक-दोन गरोदरपणांत गर्भ पिशवीऐवजी नळीत रुजतो. ओटीपोटात एका बाजूला वाढत जाणारी कळ, थोडं रक्त जाणं, खांद्याच्या टोकाला दुखणं, चक्कर, घाम, शुद्ध हरपणं ही त्याची चिन्हं. खांदा दुखतो तो पोटात साठलेल्या रक्ताने श्वासपटल चिडतं म्हणून, आणि ‘वात झाला’ म्हणून तिथे बाम चोळला जातो. अशा वेळी सकाळ व्हायची वाट बघायची नाही. 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जा. तासाभरात एकापेक्षा जास्त पॅड भिजणं, गाठी जाणं, किंवा रक्त जाण्यासोबत ताप, यातही तीच घाई करा.

योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत पाचव्या आठवड्याच्या आसपास गर्भाची पिशवी दिसते आणि सहाव्याच्या आसपास ठोके. तारखेचा अंदाज चुकला असेल तर ठोके दिसत नाहीत, आणि डॉक्टर आठ-दहा दिवसांनी परत बोलावतात. ते दिवस काढणं फार कठीण असतं, पण घाईने ‘गर्भ वाढत नाही’ असा निष्कर्ष काढण्यापेक्षा थांबणं बरोबर.

कळलेल्या गरोदरपणांपैकी दहा ते वीस टक्के पहिल्या काही महिन्यांतच संपतात. यातल्या जवळपास निम्म्यांमध्ये गर्भाच्या गुणसूत्रांची जुळणीच मुळात बिघडलेली असते. जिना चढल्याने, बादली उचलल्याने, एसटीच्या प्रवासाने, नवऱ्याशी भांडल्याने किंवा ग्रहणात बाहेर पडल्याने हे होत नाही. ‘तू तेव्हा माहेरी गेली नसतीस तर’ असं म्हणणारी माणसं तिच्यावर अशी जबाबदारी टाकतात जी तिची कधीच नव्हती. तिला विश्रांती हवी, लोहाचं जेवण हवं, आणि रडायला मोकळीक हवी. बाळंतपण झालेलं नसलं तरी शरीर आणि मन दोन्ही एका मोठ्या प्रसंगातून गेलेलं असतं.

एकदा गर्भ पडला म्हणून पुढच्या वेळी पडेलच असं नाही, बहुतेकींचं पुढचं बाळंतपण सुखरूप होतं. पुन्हा प्रयत्न कधी करायचा हे रक्ताचं प्रमाण आणि मनाची तयारी बघून डॉक्टरांशी बोलून ठरवा, आणि तोवर फोलिक आम्ल चालू ठेवा. दोन किंवा जास्त वेळा असं झालं असेल तर ‘नशिबात नाही’ म्हणून सोडून देऊ नका. थायरॉइड, साखर, रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्ती, गर्भपिशवीचा आकार या तपासण्या होतात आणि यातल्या बऱ्याच कारणांवर उपचार आहेत. त्या दिवशी नवऱ्याला सोबत न्या, गुणसूत्रांची तपासणी त्याचीही करावी लागू शकते.